डुक्कर फियाट आणि वडिलांची वही

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. गेली म्हणजे कायद्याने गेली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वर्तमानपत्रांत फोटो आले, कुणी कुणी डोळे पुसले. मी साताऱ्यात घरी बसून ती बातमी वाचली आणि उठून कपाटातली वडिलांची वही काढली.

ही वही म्हणजे लाल कापडी बांधणीची साधी खतावणी. वडील साताऱ्यात वकिली करत. १९७४ ते १९८६ या बारा वर्षांत त्यांनी आमच्या गाडीत भरलेला पेट्रोलचा प्रत्येक लिटर, ऑइलचा प्रत्येक डबा, काढलेले प्रत्येक पंक्चर या वहीत तारीखवार लिहून ठेवले आहे. कॉलेजात तीस वर्षांहून अधिक काळ मी इतिहास शिकवला. मुलांना बखरींवर विश्वास ठेवू नका, दप्तर पाहा, असे सांगत आलो. आपल्याच घरात इतके सलग दप्तर पडून आहे, हे मात्र निवृत्त झाल्यावर लक्षात आले.

वहीच्या पहिल्या पानावर गाडीची नोंद नाही. नोंद आहे ती न आलेल्या गाडीची. ‘१९६७ : नंबर लावला. १९७३ : नंबर आला. सोडला.’ एवढेच.

आजच्या मुलांना ‘नंबर लावणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. शोरूममध्ये जायचे, रंग निवडायचा, बँकेच्या माणसाने कागद पुढे करायचे आणि आठवड्यात गाडी दारात, हा आपला अनुभव फार अलीकडचा. साठ-सत्तरच्या दशकात देशात घरगुती मोटारी मिळत त्या प्रामुख्याने तीन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट. कारखान्यांनी किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरलेले. आणि झालेली गाडी कुणाला, कशी द्यायची, याच्यासाठी १९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपाचा आणि विक्रीचा एक नियंत्रण आदेशच काढला. काही गाड्या सरकारी कोट्यात जात. बाकीच्यांनी अनामत भरायची, रांगेत नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. नवी गाडी दोन वर्षे परवानगीशिवाय विकायची नाही, असाही नियम होता. कारण उघड होते. गाडी हातात पडली की दुसऱ्या दिवशी ती छापील किमतीपेक्षा जास्त पैशांना जाई. या वरच्या पैशांना व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘ऑन’ म्हणत. वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा महाग, हे अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात बसते ते अर्थशास्त्राच्या माणसांनी सांगावे. १९६९ साली सरकारने गाड्यांच्या किमतीही ठरवून दिल्या, तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वडील त्या खटल्याच्या बातम्या कापून ठेवत. वकील म्हणून, आणि रांगेतला माणूस म्हणूनही.

ही कुर्ल्याची फियाट आली कशी, याच्यामागे आपल्या सोलापूरच्या माणसाची हकिकत आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, साखर असे करत ते मोटारीपाशी आले. १९३९ साली अमेरिकेत मोटारीच्या कारखान्याची बोलणी चालू असताना विमानांच्या धंद्यातला एक अमेरिकन माणूस त्यांना प्रवासात भेटला आणि गंमत अशी, की मोटारीसाठी गेलेल्या या गृहस्थांनी आधी बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला, तो १९४० साली. मोटारीसाठी लढाई संपत येईपर्यंत थांबावे लागले. इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी व्हाव्यात अशी घाई नव्हती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकन पद्धतीच्या, अवजड. आपल्या पगाराला आणि पेट्रोलला मानवणारी लहान गाडी हवी म्हणून मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५१ पासून छोटी फियाट ५०० येथे जोडली जाऊ लागली आणि १९५४ मध्ये आली ती अकराशे. वालचंद त्याआधीच, १९५३ साली गेले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी नेले, ती त्यांनी पाहिली नाही.

याच सुमाराला सरकारने ठरवले, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना यापुढे जागा नाही, ज्यांना येथे गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावे. फोर्ड गेली, शिवडीत १९२८ पासून बस्तान बसवलेली जनरल मोटर्सही गेली. उरलेल्यांना मैदान मोकळे मिळाले आणि गिऱ्हाइकाला रांग मिळाली. हे धोरण चूक होते असे आज सरसकट म्हटले जाते. मला ते तितके सरळ वाटत नाही. कार्ब्युरेटरपासून शॉकअॅब्सॉर्बरपर्यंत शेकडो वस्तू बनवणारे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे छोटे कारखानदार त्याच काळात शिकले. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग?

वडिलांचा नंबर आला १९७३ च्या पावसाळ्यानंतर. त्याच सालात ताईचे लग्न ठरले. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि नोव्हेंबरात आपल्याकडे पेट्रोल भडकले. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले ते याच दिवसांत, १२ नोव्हेंबरला. सहा वर्षे जपलेला नंबर वडिलांनी सोडून दिला. लग्नाचा खर्च झाला होता आणि मागे काही उरले नव्हते. घरात कुणी एक शब्द बोलले नाही.

पण त्याच महागाईने आम्हाला गाडी मिळवून दिली. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी जुन्या गाड्या काढायला सुरुवात केली. १९७४ च्या मार्चमध्ये पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून वडिलांनी १९५७ ची फियाट घेतली. हीच ती लोकांनी ‘डुक्कर’ म्हणून नावाजलेली गाडी. पाठ गोल, नाक पुढे आलेले, अंग बसके. ज्याने कुणी हे नाव प्रथम ठेवले तो मराठीच असणार. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या. नऊवारीतल्या आमच्या आजीला चढायला-उतरायला फार सोयीचे, पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्याने सताड उघडणार. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे बसत. इंजिन १०८९ सीसीचे. गमतीची गोष्ट म्हणजे पुढे पद्मिनीलाही जवळजवळ तेच इंजिन राहिले. करार संपल्यावर फियाटचे नाव गेले, गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. ‘आमच्या डुकराच्या वंशात राणी जन्मली,’ असे वडील म्हणत.

गाडी घेणे म्हणजे त्या काळी निम्मे मिस्त्री होणे. गाडी कुठलीही असो, ती बंद पडणार हे गृहीत धरूनच प्रवासाला निघायचे. आमच्या डिकीत पाण्याचे दोन डबे, जॅक, पाने, जुनी ट्यूब, तांब्याची तार, एक चांगला दगड आणि अंगाच्या साबणाची वडी असे. साबण हात धुवायला नव्हे. पेट्रोलची टाकी झिरपू लागली तर त्यावर साबण घासून बसवला की गाव येईपर्यंत ती तग धरते. रेडिएटर गळू लागला तर त्यात हळद टाकत. उन्हाळ्यात भर दुपारी इंजिन खोकून बंद पडे, कारण पेट्रोलची पंपातच वाफ होई. मग पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसायचे. पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, त्यांतली फट मोजायला पट्टी नसेल तर पोस्टकार्डाचा तुकडा. बॅटरी उतरली तर सेकंड गिअर टाकून धक्का. धक्का द्यायला ओळख लागत नसे, हे विशेष. बाजारपेठेत गाडी अडली की पानाच्या टपरीवरचे चौघे आपणहून येत.

आणि स्टेपनी! हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की तो कुठला याचा कधी विचारही करत नाही. वेल्समध्ये लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. तेथल्या दुकानदारांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक काढले आणि त्याला गल्लीचे नाव दिले. तिकडे लोक तो शब्द विसरून गेले. आपल्याकडे तो खेड्यातल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर जाऊन बसला.

वहीत या साऱ्याची नोंद आहे. ‘शिरवळ, पंक्चर २.’ ‘कात्रज बोगदा, पंप तापला, २५ मि.’ ‘बोर घाट, शिंगरोबास नाणे.’ बोर घाटातून पहिला गाडीरस्ता १८३० साली झाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. घाटाची वाट साहेबाला शिंगरोबा धनगराने दाखवली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला मारण्यात आले अशी आख्यायिका आहे. तिला कागदाचा आधार मागू नये. त्याच्या देवळापुढे वेग कमी करून नाणे टाकणारा ट्रकवाला कागद मागत नाही. १८३० चाच तो अमृतांजन पूल, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. माझे वडील मात्र शिंगरोबाला नाणे टाकत ते घाट चढून गाडी वर पोचल्यावर, परतीच्या वेळचे आगाऊ म्हणून. वकील माणूस.

आता वहीतल्या एका पानाविषयी सांगितले पाहिजे. मी आतापर्यंत ते टाळत आलो.

१४ नोव्हेंबर १९७७ ची नोंद अशी : ‘फॅन बेल्ट बदलला (चिरंजीव).’ त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. नुकतेच लायसन मिळाले होते. वडिलांना रात्री कमी दिसू लागल्यामुळे अंधार पडल्यावर गाडी मी चालवत असे. या पट्ट्यावर तीन गोष्टी अवलंबून असतात. पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा डायनामो. आमच्या गाडीचा पट्टा जुना झाला होता, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. वडिलांनी मला नवा आणायला बारा रुपये दिले. मी मित्रांबरोबर सिनेमा पाहिला, बाहेर खाल्ले आणि घरी येऊन सांगितले, बदलला. दोन आठवड्यांत शिकवणीचे पैसे येतील, तेव्हा बदलू, असा हिशेब होता.

नऊ दिवसांनी, रात्री दहाच्या सुमारास ताईला त्रास सुरू झाला. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. लग्नानंतर चार वर्षांनी राहिलेले पहिले मूल. दिवस अजून भरले नव्हते. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या आणि म्हणाल्या, इथे थांबू नका, पुण्याला न्या. ताई आणि आई मागे, वडील माझ्या शेजारी, असे आम्ही निघालो.

खंबाटकीचा घाट तेव्हा एकच. बोगदा नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी त्याच वळणांवरून चढायचे आणि उतरायचे. अर्धा घाट चढलो असू. समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा लागला. डायनामो थांबला की तो लागतो. मला काय झाले ते तत्क्षणी कळले आणि मी काही बोललो नाही. एक वळण तसाच गेलो. का गेलो हे आजही सांगता येत नाही. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिनाने मान टाकली. वडिलांनी उतरून चाकाला दगड लावला, बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडले आणि पट्ट्याचा तुटका तुकडा हातात घेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तो खिशात ठेवला.

पाणी होते, पण पाणी घालून काय होणार? दोरी बांधून पाहिली, ती दोन फेऱ्यांत सुटली. मागे ताई कण्हत होती, आई तिला रामरक्षा म्हणायला सांगत होती. खालून एक ट्रक घुरघुरत आला आणि आमच्यामागे थांबला. गुळाचा वास आला. कोल्हापूरचा गूळ पुण्याला चालला होता. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, ‘काय झालं ओ?’

वडील म्हणाले, ‘पट्टा तुटलाय. लेकीला दवाखान्यात न्यायचंय, अवघडलेली आहे.’

‘मग पट्ट्याचं काय घिऊन बसलाय? ताईला वर घ्या.’

क्लीनर खाली उतरून मागे गुळाच्या ढेपांवर जाऊन बसला. ताईला उचलून केबिनमध्ये घेतले, शेजारी आई, मग वडील. चढता चढता वडील मला म्हणाले, ‘तू गाडीपाशी थांब.’ तेवढेच.

ती रात्र मी त्या गाडीत काढली. थंडी होती. दर थोड्या वेळाने एखादा ट्रक कण्हत वर जाई, उजेड गाडीतून फिरे आणि मागच्या सीटवर राहिलेली आईची शाल दिसे. ताईला काही झाले तर घरी कोणत्या तोंडाने जायचे, याचा विचार करत होतो. पहाटे कुठेतरी खाली कोंबडे ओरडले. मग सकाळच्या एसटी गाड्या सुरू झाल्या.

नऊ वाजले असतील. पुण्याकडून एक ट्रक उतारावरून येताना दिसला. आमच्या गाडीजवळ त्याचा वेग थोडा कमी झाला. क्लीनर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत होता. तो ओरडला, ‘डुक्कर गाडीवाल्या वकिलांचा पोरगा तूच का रं? भाचा झालाय! बहीण खुशाल हाय!’ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके माझ्या अंगावर टाकून ट्रक वळणाआड गेला. थांबलादेखील नाही. पुडक्यात फॅन बेल्ट होता. नवा.

पुढे कळले ते असे. भवानी पेठेत गूळ उतरवून तो कोल्हापूरचा ड्रायव्हर पुन्हा रुग्णालयात चौकशीला आला. बातमी ऐकून झाल्यावर त्याने विचारले, ‘आणि गाडीचं काय?’ वडिलांनी मॉडेल सांगितले. त्याने ओळखीच्या दुकानदाराला उठवून पट्टा मिळवला आणि साताऱ्याकडे निघालेल्या एका ट्रकवर दिला. वडील पैसे द्यायला बाहेर आले तोवर तो गेला होता. त्याचे नाव कुणी विचारले नव्हते. ट्रकचा नंबर पाहायचे भान कुणाला असणार?

वडील १९९४ साली गेले. शेवटपर्यंत त्यांनी त्या पट्ट्याविषयी मला काही विचारले नाही. वही माझ्या हाती आली तेव्हा मी ते पान शोधले. १४ नोव्हेंबरच्या नोंदीत ‘बदलला’ या शब्दापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात ‘नव्हता’ असे लिहिलेले होते. आणि खाली २४ तारखेला : ‘फॅन बेल्ट १. ट्रकवाल्याकडून. पैसे देणे बाकी.’ वहीत पुढे कुठेही हे देणे फिटल्याची नोंद नाही.

बाकीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली मारुती ८०० दिली गेली. घाट चढली आणि पाणी उकळले नाही, किल्ली फिरवली आणि सुरू झाली, याचे लोकांना काय अप्रूप! आम्ही १९८६ साली डुक्कर विकले, तिथे वही संपते. कुर्ल्याची पद्मिनी २००० च्या सुमारास थांबली, उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर २०१४ साली. २००२ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सगळा खुला झाला आणि शिंगरोबा जुन्या रस्त्यावर राहून गेला. गाड्या बंद पडणे कमी झाले, तसे बॉनेट उघडणेही संपले. आता दिवा लागला की माणूस फोन काढतो, आणि टपरीवरचे चौघे आपापल्या फोनमधून मान वर करत नाहीत. याला मी तक्रार म्हणणार नाही. ज्याला बाळंतीण घेऊन घाट चढायचा आहे, त्याला आजचीच गाडी मिळो.

भाचा आता शेहेचाळीस वर्षांच्या पुढे गेला. त्याने विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. गेल्या दिवाळीत तो मला पुण्याला न्यायला आला. माझी बॅग डिकीत ठेवताना तिच्यातून एक काळे रबरी वेटोळे बाहेर आले. ती सवय मला १९७७ पासून आहे, एक नवा पट्टा जवळ ठेवतोच.

‘मामा, हे काय?’

‘फॅन बेल्ट.’

‘अहो, या गाडीला पट्टा नसतो.’

‘माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘राहू दे डिकीत.’